पोळ्याच्या झडत्या आणि बोजारा



श्रावणाची अमावास्या जवळ आली, की आपल्या पांढरकवड्याच्या चहूकडच्या गावांत बैलांचे साज बाहेर निघतात. आदल्या संध्याकाळी खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्याला हळद आणि लोणी लावतात, पळसाच्या पानाने शेकतात. दुसऱ्या दिवशी आंब्याच्या पानांचे तोरण बांधले जाते, त्याखाली जोड्या रांगेने उभ्या राहतात, आणि मग सुरू होतात झडत्या.

झडती काय असते, हे आपणांस सांगायला नको. कोणी तरी गडी पुढे होतो, यमकात चार ओळी ठोकतो आणि शेवटी सारा गाव महादेवाच्या नावाने गर्जना करतो. त्या चार ओळींत पाटील सुटत नाही, सावकार सुटत नाही आणि सरकार तर मुळीच सुटत नाही. कापसाचा भाव, बियाण्याची पिशवी, बँकेचे कर्ज, जावयाचा तोरा, सारे त्यात येते. शहरात हल्ली एक माणूस मंचावर उभा राहून लोकांना हसवतो आणि लोक त्यासाठी तिकीट काढतात. आपल्याकडे हे काम तोरणाखाली फुकट होत आले आहे. अगदी फुकट मात्र नाही. पोळा फुटला, मारुतीचे दर्शन झाले, की गडी बैलजोडी घेऊन दारोदार जातो. घरची बाई बैलांची पूजा करते, पुरणपोळी खाऊ घालते आणि गड्याच्या हातावर काही ठेवते. तोच बोजारा.

आता एक प्रसंग ऐका. बरीच वर्षे झाली. एका गावी एक सालदार तोरणाखाली पुढे आला. यमक त्याला काही जुळेना. तेव्हा तो सरळ गोष्टच सांगू लागला. म्हणाला, "काल रात्री खांद शेकताना बैल माह्याशी बोलला. म्हणे, गड्या, सालभर मले तुतारी टोचते. पण एक दिवस का होईना, खांद्याले लोणी भेटते. तुहा खांदा कोन शेकते रे?"

क्षणभर कोणी हसले नाही. सगळ्यांचे डोळे मालकाकडे लागले. मालकाने आधी खाली पाहिले, मग तोच मोठ्याने हसला, आणि गाव हसून लोटपोट झाला. संध्याकाळी गडी दारी आला तेव्हा मालकाने नेहमीच्या दुप्पट बोजारा पुढे केला. गड्याने तो कपाळाला लावला आणि म्हणाला, "पाटील, हे लोणी झालं. सालाचं पाडव्याले बोलू." आणि पाडव्याला ते बोलणे झाले. साल वाढले. किती वाढले ते सांगत नाही, पण वाढले.

श्रोतेहो, हसवणारा थोर कशाने होतो, याचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले. त्याने मालकाला शिवी दिली नाही. गोष्टीत सर्वांत कीव करण्याजोगा ठरवला तो स्वतःलाच. बोलला ते खरे होते, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या अंगणातले होते. आणि मुख्य म्हणजे, कोठे थांबायचे हे त्याला कळले होते. लंगड्याची नक्कल करून, विधवेवर किंवा कोणाच्या जातीवर बोट ठेवूनही हशा मिळतो. पण तो हशा घरी जाताना तोंडात कडू लागतो. आपल्याहून दुबळ्याला मारलेला टोला हा विनोद नव्हे.

तमाशातल्या सोंगाड्याचेही तेच. दादू इंदुरीकर 'गाढवाचं लग्न' या वगात सावळ्या कुंभार होत. गरीब कुंभार आणि त्याचे गाढव, एवढ्या भांडवलावर ते राजदरबाराची फजिती करीत. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातील बोरी अरबचे कवी शंकर बडे यांनी 'बॅरिस्टर गुलब्या' हा एकपात्री प्रयोग वऱ्हाडी बोलीत गावोगाव केला. २०१६ साली ते गेले. आपली बोली ऐकून लोक त्यांच्यापुढे हसत, पण बोलीला हसत नसत. हा फरक शिक्षक मित्रांनी विशेष ध्यानात घ्यावा.

आता देण्याविषयी. तमाशात दौलतजादा असते. रसिक नोट दाखवतो, कलावंत ती घेतो, नाव पुकारले जाते. त्यात कौतुक आहे, तसा धोकाही आहे. ज्याच्या हाती नोट, त्याचा हुकूम, असे होऊ लागते. मी एका पोळ्याला असाही गडी पाहिला, की ज्याला निवडणुकीतल्या एका उमेदवाराने आधीच पैसे मोजले होते. तो दुसऱ्या उमेदवारावरच झडत्यामागून झडत्या म्हणू लागला. पहिलीला लोक हसले. तिसरीला माना फिरवून बैलांची शिंगे पाहू लागले. विकलेली जीभ गावाला लगेच ओळखू येते.

इंग्लंडच्या खेड्यात, तेथल्या पबमध्ये, पेला भरून देणाऱ्याच्या हाती नाणे ठेवण्याची फारशी रीत नाही. गिऱ्हाईक म्हणतो, "आणि एक तुमच्यासाठी." म्हणजे तोही आपल्याच पंक्तीचा झाला. देणे असे असावे, की घेणारा लहान होऊ नये. बोजाराही तसाच आहे. तो वरून फेकायचा नसतो, हातावर ठेवायचा असतो. तो मजुरीत धरायचा नसतो, आणि मजुरी कमी देऊन त्याची भरपाईही करायची नसते. बोजारा आनंदाचा, साल हक्काचे.

हल्ली ट्रॅक्टर आले. बऱ्याच गावांत तोरणाखाली पूर्वीइतक्या जोड्या दिसत नाहीत. बैल कमी झाले म्हणून झडत्याही मुक्या व्हाव्यात काय? गुरुजींना माझी एक विनंती आहे. येत्या पोळ्याला मुलांना एकेक कोरी वही द्या. आजोबांना, म्हाताऱ्या सालदाराला विचारून त्यांनी झडत्या लिहून आणाव्यात. ज्या बोलीत सांगितल्या त्याच बोलीत, शुद्ध न करता. आणि एक झडती ज्याची त्याने स्वतः रचावी. अट एवढीच, की तिच्यात पहिला टोला स्वतःवर असावा.

शेतकरी बंधूंनो, तुमच्यावर कोणी झडती म्हटली, तर रागावू नका. आधी हसा, मग बोजारा द्या, आणि पाडव्याला साल ठरवताना ती झडती आठवा.