गरिबाचें घरभाडें आणि त्यांतील तूट

(ज्युबिली समारंभानिमित्त पॅरिशच्या सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



आजच्या सभेंत दोन तऱ्हेचे लोक बसलेले आहेत. कित्येकजण चाळींतील खोलींत भाड्यानें राहतात, तर कांहींच्या वाडवडिलांनीं कष्टानें बांधलेली एखादी लहानशी चाळ भाड्यानें दिलेली आहे. पहिल्यांस घरमालक निष्ठुर वाटतो, दुसऱ्यांस भाडेकरू कृतघ्न वाटतो. माझ्या मतें हें भांडण मूळचें या दोघांचें नव्हेच. राहण्याजोगी खोली बांधून ती नीट राखण्यास जो खर्च येतो, तितकें भाडें गरीब कुटुंबास देतां येत नाहीं. मधली तूट कोणीतरी भरून काढावीच लागते. ती कोणीं भरावयाची, याचीं निरनिराळ्या सरकारांनीं निरनिराळीं उत्तरें दिलीं. तींच आज आपणांपुढें मांडणार आहें.

मुंबईपासून आरंभ करूं. १८९६ सालीं शहरांत प्लेगची साथ आली, तेव्हां कोंदट वस्त्यांकडे सरकारचें लक्ष गेलें आणि १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टनें रस्ते रुंद केले, वस्त्या पाडल्या; परंतु पाडण्याचा वेग बांधण्यास आला नाहीं. पहिल्या महायुद्धानंतर टंचाई असह्य झाली. १९२० सालीं गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हें खातें निघालें, 'बी. डी. डी. चाळी' हें नांव त्यावरूनच पडलें. वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें मिळून २०७ चाळी उठल्या. तळमजला धरून चार मजले, एकेका मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, शौचकूप सामाईक. पैसा उभा करण्यासाठीं शहरांत येणाऱ्या कापसाच्या दर गांठीवर एक रुपया जकात बसविली. तरीहि खर्च अंदाजाबाहेर गेला आणि भाडें गिरणीकामगारास परवडेना. शहर घरांवांचून तळमळत असतांना सरकारी खोल्या मात्र कित्येक वर्षें रिकाम्या पडल्या! ५०,००० खोल्यांचा मूळ बेत अर्थातच सोडून द्यावा लागला. घर बांधणें आणि तें गरिबाच्या हातीं पडणें, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरें उत्तर १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याचें. सप्टेंबर १९४० मध्यें जें भाडें होतें त्यावरच खोलीचें भाडें बांधून ठेवलें. त्या महागाईच्या काळांत हा कायदा नसता तर हजारों कुटुंबें रस्त्यावर आलीं असतीं, हें मी मोकळ्या मनानें म्हणतों. पण तिजोरींतून एक पैहि न देतां सरकारनें तूट घरमालकाच्या माथीं मारली. मालकानें डागडुजी थांबविली, नव्या भाडेकरूकडून पागडी घेतली जाऊं लागली, आणि पावसाळ्यांत जिने व सज्जे कोसळूं लागले. तूट प्रथम मालकानें भरली, मग इमारतीनें भरली. शेवटीं १९६९ च्या कायद्यानें उपकर बसवून दुरुस्तीसाठीं मंडळ नेमावें लागलें. हल्लीं १९९९ चा कायदा चालू असून त्यांत भाडें दरसाल शेंकडा ४ वाढविण्याची मुभा आहे. परंतु मूळ आंकडाच कवडीमोल असेल तेथें शेंकडा चारानें काय होणार?

तूट उघडपणें सरकारी तिजोरींतून भरण्याचा प्रयोग अमेरिकेंत मोठ्या प्रमाणावर झाला आहे. म्हणून थोडा वेळ तिकडे जाऊं. तेथील १९३७ च्या कायद्याची वांटणी अशी होती, कीं बांधकामाचें कर्ज केंद्र सरकारनें फेडावें आणि राखणीचा खर्च भाड्यांतून निघावा. भाडेकरूंस नियमित काम होतें तोंपर्यंत हें निभावलें. सेंट लुई शहरांत १९५० नंतरच्या दशकांत प्रुइट-आयगो नांवाची ३३ इमारतींची अकरा मजली वसाहत झाली. बरी मिळकत असलेले लोक पुढें निघून गेले, अगदीं गरीब तेवढे राहिले. भाडें कमी जमूं लागलें तसे पाळणे बंद पडले, नळ फुटले. मग भाडेवाढ झाली, आणि १९६९ सालीं त्या शहरांतील सरकारी घरांच्या भाडेकरूंनीं भाडें देण्याचेंच नाकारलें. १९७२ पासून ती वसाहत सुरुंग लावून पाडण्यांत आली. पुष्कळ लोक शिल्पकाराच्या नकाशास नांवें ठेवतात. मला नकाशापेक्षां जमाखर्चाचाच दोष अधिक दिसतो. १९६९ सालींच कायदा होऊन भाड्यास मिळकतीच्या चतुर्थांशाची मर्यादा पडली. पुढें ती शेंकडा ३० झाली.

१९७४ पासून तेथें निराळी वाट धरली. सरकारनें इमारत बांधण्याऐवजीं कुटुंबाच्या भाड्यास हातभार लावावा, अशी ती योजना आहे. तिच्या चालू स्वरूपांत कुटुंबास 'व्हाऊचर' मिळतें व तें खासगी मालकाचें घर स्वतः शोधतें. घर राहण्यास योग्य आहे कीं नाहीं हें स्थानिक गृहसंस्था तपासते. समजा, हिशेबीं मिळकत महिना १,५०० डॉलर आहे आणि गृहसंस्थेनें ठरविलेली भाड्याची मर्यादा १,४०० आहे. शेंकडा ३० प्रमाणें कुटुंब ४५० देईल, उरलेले ९५० संस्था परस्पर मालकास देईल. मिळकत घटली तर कुटुंबाचा वांटा घटतो, मालकाचें भाडें बुडत नाहीं. घर १,५०० चें घेतलें तर वरचे १०० कुटुंबाचे. मालक आणि भाडेकरू यांच्यांतील वैराचें एक मोठें कारण येथें नाहींसें होतें, हें मला फार मोलाचें वाटतें. मात्र पैसा मोजून मिळतो. अशा साहाय्यास पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकीं सुमारें एकासच तें लाभतें. बाकीचीं वर्षानुवर्षें यादींत वाट पाहतात, आणि व्हाऊचर हातीं येऊनहि कित्येकांस तें स्वीकारणारा मालक मुदतींत सांपडत नाहीं.

आपल्याकडे आतां चवथेंच उत्तर निघालें आहे. बी. डी. डी. चाळींच्या जागीं म्हाडा उंच इमारती बांधीत आहे. ऑगस्ट २०२५ मध्यें वरळीच्या ५५६ कुटुंबांस ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांत तीन पिढ्या काढलेल्यांचा तो आनंद कोण नाकारील? त्यांच्याकडून घराची किंमत घेतली नाहीं. त्याच जमिनीवर बाजारभावानें विकावयाच्या घरांतून खर्च निघावा अशी योजना आहे. परंतु चाळीस मजल्यांचा पाळणा आणि पाण्याचा पंप विजेवर चालतो, आणि त्याचें बिल दर महिन्यास येतें. जुनी तूट तेथें नव्या नांवानें उभी राहूं शकते.

या सर्व योजनांत कुटुंब पात्र ठरतें तें कागदावरून. १९९९ च्या कायद्याप्रमाणें भाडेकरूच्या मृत्यूसमयीं त्याच्याजवळ राहणाऱ्या कुटुंबीयास भाडेकरूचा हक्क पोंचतो. पण पावतीवरील नांव आपोआप बदलत नाहीं. ज्यांच्या घरीं पावती अजून आजोबांच्या नांवानें येते, त्यांनीं मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका व विजेचीं बिलें एकत्र करून मालकाकडे आजच लेखी अर्ज करावा. नातें दाखविण्यास आपल्या पॅरिशच्या बाप्तिस्म्याच्या वहींतील दाखलाहि उपयोगीं पडूं शकतो. आणि ज्यांच्या मालकीची चाळ आहे त्यांनीं, भाडें कितीहि थोडें असो, पैसे घेतल्याची पावती दिलीच पाहिजे. त्याच कायद्यानें तें बंधनकारक केलें आहे.