पेशीचें दार आणि मीठसाखरेचें पाणी

१९७१ सालच्या पावसाळ्यांत, त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानांतून परागंदा झालेले लक्षावधि लोक भारतांत आले. सरहद्दीजवळील बनगांवच्या रुग्णालयांत पटकीचे रोगी जमिनीवर दाटीवाटीनें पडले होते. शिरेंतून द्यावयाच्या सलाइनचा सांठा संपत आला होता. अशा वेळीं डॉ. दिलीप महालनबीस यांनीं जो उपाय योजला, त्यांत मुख्य जिन्नस दोनच, मीठ आणि साखर. या साध्या पेयांत एवढें बळ कोठून आलें, हें समजण्यास पेशीच्या दारापाशीं जावें लागतें.

प्रत्येक पेशीभोंवतीं स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचें एक पटल असतें. त्याची जाडी मिलिमीटरच्या एक लक्षांशाहूनहि कमी. तेलांत मीठ विरघळत नाहीं. त्याचप्रमाणें या पटलांतून मिठांतील सोडियम किंवा साखर सहसा पार होत नाहीं. त्यांच्या जाण्यायेण्यासाठीं पटलांत प्रथिनांचीं दारें बसविलेलीं असतात, आणि प्रत्येक दार आपले ठराविक पदार्थच ओळखतें.

यांतील एक प्रथिन पंपाचें काम करतें. डेन्मार्कचे येन्स स्कू यांनीं १९५७ सालीं तें उजेडांत आणलें. तें शक्ति खर्चून दर फेरीस सोडियमचे ३ कण बाहेर टाकतें व पोटॅशियमचे २ कण आंत घेतें. त्यामुळें पेशींत सोडियमचा तुटवडा राहतो आणि बाहेरील सोडियम सदैव आंत शिरूं पाहतो. आंतड्याच्या पेशींना एक असें दार आहे कीं, तें सोडियम व ग्लुकोज यांना जोडीनेंच आंत घेतें. रॉबर्ट क्रेन यांनीं ही कल्पना १९६० सालीं प्राग येथें मांडली. जोडी आंत गेली कीं तिच्या मागोमाग पाणीहि जातें.

पटकींत काय होतें? कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनीं १९५९ सालीं दाखविलें कीं, जंतूंनीं सोडलेलें विषच या अनर्थाचें मूळ आहे. त्या विषामुळें पेशींचें क्लोराइडचें दार उघडें राहतें. क्लोराइड आंतड्यांत वाहूं लागतें, आणि त्यामागून सोडियम व पाणी. रोगी कांहीं तासांतच सुकून जातो. मीठ शोषण्याचा नेहमीचा मार्गहि रोखला गेल्यानें नुसतें मिठाचें पाणी पाजून भागत नाहीं. साखरेच्या जोडीचें दार मात्र शाबूत राहतें.

बनगांवास लिटरभर पाण्यांत २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा हें प्रमाण ठरलें. रोग्यांचे नातलगच तें घोट घोट पाजीत. शेंकडा ३० च्या घरांत गेलेलें मृत्यूचें प्रमाण शेंकडा ४ हून खालीं आलें.

जुलाबाच्या रोग्यासाठीं औषधालयांतील पुडी उत्तम. ती नसल्यास १ लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत ६ सपाट लहान चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावें. साखरेंतील ग्लुकोज आंतड्यांत मोकळें होतें. प्रमाण मात्र वाढवूं नये. साखर फार झाल्यास ती उलट शरीरांतील पाणी आंतड्यांत ओढते, आणि फार मीठ घातक ठरतें. रोगी ग्लानींत गेल्यास किंवा पाणी पोटांत ठरत नसल्यास त्याला तत्काळ रुग्णालयांत न्यावें. एरवीं घरांतील डब्यांतले हे दोन जिन्नस, योग्य जोडीनें दाराशीं गेले तर, प्राण वांचवितात.