महसूल कोणत्या मार्गाने?

एका देशात लोहमार्गांची भरभराट का व्हावी आणि दुसऱ्यात राजमार्गांची का, याचे कारण आपण सहसा भूगोलात शोधतो; परंतु अमेरिका व स्वित्झर्लंड यांचे दप्तर चाळले असता दृष्टी खजिन्याकडेच वळते. 1956 च्या कायद्यान्वये अमेरिकेने आंतरराज्य महामार्गांच्या खर्चाचा 90 टक्के भार केंद्र सरकारने उचलावा असे ठरविले व इंधनकराचे उत्पन्न त्याकामी राखून ठेवले, तर रेल्वे कंपन्या मात्र आपले रूळ बव्हंशी स्वखर्चानेच सांभाळीत राहिल्या. परिणामी उतारूंच्या गाड्या रोडावल्या. मालगाड्या मात्र तेथे आजही जोमाने धावतात, ही गोष्ट टीकाकार सोयीस्करपणे विसरतात.

स्वित्झर्लंडने उलट वाट धरली. आल्प्स ओलांडून जाणारा परदेशी माल रुळांवरून न्यावा, असा कौल तेथील जनतेने 1994 साली दिला. 2001 पासून अवजड मालमोटारींवर वजन, अंतर आणि धूर यांच्या प्रमाणात कर बसला. आणि त्या वसुलीचा मोठा हिस्सा ज्या रेल्वेकामांस लाभला, त्यांपैकीच गोटहार्ड पर्वताखालचा 57 किलोमीटर लांबीचा बोगदा 2016 साली खुला झाला. प्रतिस्पर्ध्याच्याच खिशातून रेल्वेचा मार्ग खोदण्याची ही मसलत मोठी धूर्त खरी, तथापि वर्षाकाठी साडेसहा लाख मालमोटारी ही कायद्याने घातलेली मर्यादा त्या देशास अद्याप पाळता आलेली नाही.