पाषाणातले सूर्ययंत्र

प्राचीनांची सूक्ष्म यंत्रे म्हटली की भिंगे, नळ्या किंवा धातूच्या चकत्या डोळ्यांपुढे येतात. भास्कराचार्यांनी मात्र ११५० साली रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या यंत्राध्यायात साध्या शंकूलाही यंत्रांत स्थान दिले आणि शेवटी बुद्धीलाच ‘धीयंत्र’ म्हटले. उभी काठी, तिची छाया आणि पाहणाऱ्याची बुद्धी एवढ्यानेही आकाश मोजता येते, हे त्यांना ठाऊक होते.

ज्या बेंगळुरात पुढे शहाजीराजांची जहागीर होती, तेथे गवीपुरम भागात गंगाधरेश्वराचे गुहामंदिर आहे. त्याच्या प्रांगणात सूर्यपान आणि चंद्रपान नावाच्या दोन प्रचंड पाषाणचकत्या उभ्या आहेत. मकरसंक्रांतीच्या सायंकाळी नैर्ऋत्येकडे मावळणाऱ्या सूर्याचा किरण नंदीच्या शिंगांमधून गाभाऱ्यात शिरतो आणि शिवलिंग उजळते.

२००८ साली बी. एस. शैलजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मंदिराचा अभ्यास प्रसिद्ध केला. नोव्हेंबरच्या अखेरीसही किरण असाच आत येतो, हे त्यात दिसून आले. कारण सोपे आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोहोचतो. त्या दिवसाच्या जितके दिवस आधी, तितकेच दिवस नंतर तो क्षितिजावर त्याच जागी मावळतो. कोल्हापूरच्या महालक्ष्मीचा किरणोत्सव नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीस होतो, तोही याच नियमाने.

दुसरी गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. आपली संक्रांत ऋतुचक्राच्या मानाने साठ-सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. साडेचारशे वर्षांपूर्वी ती दक्षिण टोकाच्या दिवसाला सहा-सात दिवस अधिक जवळ होती. त्या वेळी संक्रांतीचा सूर्य आजच्यापेक्षा सुमारे एक अंश, म्हणजे सूर्यबिंबाच्या दुप्पट रुंदीइतका, दक्षिणेला मावळत असे. पंचांग सरकते, पाषाण जागचा हलत नाही. शिवाय अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज चित्रकार डॅनियल यांनी काढलेल्या चित्रांत आजच्या काही भिंती नाहीत. तेव्हा आजचा योग मुळापासून असाच होता, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून श्रद्धेला बाध येण्याचे कारण नाही. मोजमापाने आश्चर्य कमी होत नाही, ते नेमके कोठे आहे एवढेच कळते.

अशा यंत्राचा एक भाग मंदिराच्या बाहेर असतो. तो म्हणजे सूर्य आणि गाभारा यांमधील मोकळे आकाश. कोल्हापुरात किरणांच्या वाटेत येणाऱ्या इमारतींचा प्रश्न अनेकदा चर्चिला गेला आहे. शासनाच्या सेवेत अनेक वर्षे काढल्यावर मला वाटते की, मूर्ती, खांब आणि शिलालेख यांना संरक्षण देण्याची कल्पना आपल्याला सहज सुचते, प्रकाशाच्या वाटेला ते देण्याची सुचत नाही. एखाद्या उंच इमारतीचा नकाशा मंजूर होतो आणि दगडाला धक्काही न लागता शतकांचे यंत्र बंद पडते. नगररचनेच्या नकाशावर एक किरणरेषा आखायला फारसा खर्च येत नाही. धीयंत्राचा तेवढा उपयोग आपण अवश्य करावा.