उसना कॅमेरा आणि लोकांचे देणे

(नसरापूर येथे तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



भोर-वेल्ह्यातील तरुणांच्या हाती आज कॅमेरा असलेला फोन आहे, आणि गुंजवणी धरणात जमिनी गेलेल्या कुटुंबांवर लघुपट करावा, ही त्यांची इच्छा स्वागतार्ह आहे. त्या कामाला हात घालण्यापूर्वी पन्नास वर्षांपूर्वीच्या एका लघुपटाचा जमाखर्च तपासून पाहणे उपयोगाचे ठरेल. तो लघुपट म्हणजे आनंद पटवर्धन यांचा 'क्रांती की तरंगें'.

१९७४ साली बिहारमध्ये जयप्रकाशजींच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटले होते. ४ नोव्हेंबरला पाटण्यातील मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालविल्या. खुद्द जयप्रकाशजीही त्यातून सुटले नाहीत. रावसाहेब व अच्युतराव पटवर्धन यांचे पुतणे असलेले आनंद त्या वेळी चोवीस वर्षांचे होते. पाठीशी ना निर्माता, ना स्टुडिओ. हाती आला तो घरगुती हौसेसाठी बनविलेला 'सुपर-आठ' कॅमेरा. त्याच्या एका डबीत पन्नास फूट फिल्म, म्हणजे जेमतेम तीन मिनिटांचे चित्रण. शिवाय या फिल्मची सहसा निगेटिव्ह नसते; कॅमेऱ्यातून निघालेली पट्टी तीच मूळ आणि तीच प्रत. ती गहाळ झाली की साक्षच गेली! म्हणून ते चित्रण पडद्यावर पाडून, समोर सोळा मिलिमीटरचा कॅमेरा लावून पुन्हा टिपण्यात आले. पुढील चित्रण प्रदीप क्रिशन यांच्या साथीने झाले, तेही उसन्या, किल्लीवर चालणाऱ्या कॅमेऱ्याने आणि मुदत संपलेल्या फिल्मवर.

अशा कॅमेऱ्याची किल्ली एकदा पिळली की तो अर्ध्या मिनिटाच्या आसपास चालतो. कळ दाबण्याआधीच काय टिपायचे आणि काय सोडायचे, हे ठरवावे लागते. फोनवर काम करणाऱ्याला ही सक्ती उरलेली नाही. तो तासन्‌तास टिपत राहतो आणि पुढे त्या ढिगाऱ्यात स्वतःच हरवतो. (येथे दारिद्र्याचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. मुदत संपलेल्या फिल्मवर कोणी हौसेने काम करीत नाही.)

परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने खरा धडा पुढचा आहे. लघुपट १९७५ साली पुरा झाला आणि जूनमध्ये आणीबाणी आली. उसनवारीने निर्मितीचा खर्च भागविता आला, पण पडदा कोणाकडून उसना आणावयाचा? जाहीर प्रदर्शनाला १९५२ च्या कायद्यान्वये प्रमाणपत्र हवे, चित्रपटगृहे नफ्यासाठी चाललेली आणि दूरदर्शन सरकारच्या मुठीत. अखेर लघुपटाच्या एका प्रतीचे तुकडे करण्यात आले, ते निरनिराळ्या हातांनी देशाबाहेर गेले आणि कॅनडात पुन्हा जोडले गेले. आज निर्मितीचा खर्च जवळजवळ शून्यावर आला आहे, म्हणून टंचाई संपली, असे मानणारे मोठी चूक करतात. टंचाई सरकून प्रदर्शनाच्या टोकाला जाऊन बसली आहे. कोणता लघुपट किती जणांपुढे यावा, हे आता मूठभर कंपन्यांची यंत्रे ठरवितात, आणि एकट्यादुकट्या निर्मात्याला त्यांच्याशी घासाघीस करता येत नाही. गावोगाव शाखा असलेल्या संघटनेला मात्र एक पडदा व एक यंत्र घेऊन फिरता येते. चळवळींनी हे भांडवल वर्षानुवर्षे वापरलेच नाही, हे कबूल केले पाहिजे.

आणखी एक बाब, आणि ती अवघड आहे. मुंबईतील झोपड्यांच्या पाडापाडीवरील 'हमारा शहर' या पटवर्धनांच्याच १९८५ सालच्या माहितीपटात एक बाई चित्रीकरण करणाऱ्यालाच जाब विचारते: आमचे फोटो काढून तुमचे नाव होईल, आम्हाला काय मिळणार? दिग्दर्शकाने हा प्रश्न कापला नाही. १९८६ साली संजय गांधी नगर पाडले गेले, तेव्हा तेथील रहिवाशांसाठी झालेल्या उपोषणाला शबाना आझमी यांच्यासह ते स्वतः बसले, आणि त्या लोकांना गोरेगाव भागात पर्यायी जागा मिळाली. तरीही त्या बाईचा प्रश्न मिटला, असे म्हणणे धारिष्ट्याचे ठरेल. माणसाचे दुःख हा कच्चा माल म्हणून उचलावयाचा आणि पक्क्या मालाचे श्रेय शहरात वाटून घ्यावयाचे, हा व्यवहार वसाहतवादाहून फारसा वेगळा नाही.

भाटघरचे धरण १९२८ साली पुरे झाले. त्याच्या पाण्याखाली ज्यांची शेते गेली, ती पिढी आता बोलण्यास उरलेली नाही. गुंजवणीची माणसे आहेत. त्यांच्यावरील लघुपट वीस मिनिटांहून लांबवू नये. त्याचा पहिला खेळ त्यांच्याच गावात, त्यांच्याच समोर व्हावा, आणि जे वाक्य त्यांना खोटे वाटेल ते तेथल्या तेथे काढून टाकावे. प्रती मात्र तीन ठिकाणी ठेवाव्यात, आणि त्यांपैकी एक गावातच.