पाठशाळा आणि विद्यापीठ

 

वर्धापनदिनाच्या या मंगलप्रसंगी बोलण्याची आज्ञा झाली, ती शिरोधार्य मानून उभा आहे. गेल्या चातुर्मासात एका विद्यार्थ्याचे वडील मला म्हणाले, "शास्त्रीबुवा, पोराचे पाठांतर उत्तम आहे, पण पुढे पोटाचे काय? कॉलेजात घालू का?" तेव्हा उत्तर सुचले नाही. ते आज देतो.

महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकर हे साताऱ्यास रामशास्त्री गोडबोले यांच्यापाशी जुन्या परंपरेने शिकले आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापक झाले. 'सर्वदर्शनसंग्रहा'वरील त्यांची संस्कृत टीका १९२४ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केली. पातंजल महाभाष्यही त्यांनी मराठीत आणले. १९४२ साली त्यांचा देहान्त झाला. त्या भाषांतराचा प्रस्तावनाखंड त्यांचे पुत्र काशीनाथशास्त्री यांनी लिहिला. तो १९५४ साली प्रसिद्ध झाला. काशीनाथशास्त्री तर एम. ए. झालेले प्राध्यापक होते. पित्याचे शास्त्र पदवीमुळे उणावले नाही.

महाविद्यालयाला शास्त्रीबुवा का हवे होते? ग्रंथ आद्यन्त, पंक्ती लावून शिकविण्याची हातोटी पाठशाळेतच घडते म्हणून. उलट, पाठभेद पारखणे आणि काल ठरविणे हे विद्यापीठात शिकावयास मिळते. आपल्या जैनथचा परमार जगद्देवकालीन संस्कृत शिलालेखच घ्या. श्लोकाचा अन्वय आमचा विद्यार्थी लावील. पण झिजलेले अक्षर ओळखण्यास लिपिशास्त्रच लागेल.

आज रामटेकला १९९७ साली स्थापन झालेले कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय आहे. तिरुपतीचे संस्कृत विद्यापीठ २०२० पासून केंद्रीय विश्वविद्यालय झाले आहे. एक मराठी मुलखात, दुसरे तेलुगू मुलखात. दोन्ही भाषा बोलणाऱ्या आपल्या मुलांना दोन्हीकडे आपलेपणाच वाटेल. प्रत्येकाला प्राध्यापकपद मिळेल, असे आश्वासन मात्र मी देणार नाही.

विसाव्या वर्षी मलाही जावेसे वाटले होते. गुरुगृह सुटेल या भयाने गेलो नाही, आणि गुरुमहाराजांना विचारलेही नाही. न विचारणे हाच माझा दोष. म्हणून त्या वडिलांना सांगतो: एक शास्त्र येथे पक्के होऊ द्या, मग मुलास अवश्य पाठवा. आणि भक्तजनांना प्रार्थना करतो, की अशा विद्यार्थ्याच्या प्रवासाचा व निर्वाहाचा भार आपण उचलावा. अन्नदान आपल्या मठात अखंड चालते. त्याच पंक्तीत विद्यादानाचे एक पान वाढावे.

श्रीगुरुचरणार्पणमस्तु.