पंचेचाळीस



मी संगणक अभियंता, पण आज उंदरांविषयी बोलणार आहे. हसू नका! होटगीत ज्वारीची पोती असलेल्या घरांत उंदीर मारतच आपण मोठे झालो.

जपानी संशोधक तोशिहिदे योशिदा यांनी आपल्या या घरउंदराची गुणसूत्रे मोजली. पूर्व आणि आग्नेय आशियात ती ४२ भरली, श्रीलंकेत ४०, दक्षिण भारतात ३८. महत्त्वाचे काही हरवले नव्हते. दोन वेगळी गुणसूत्रे टोकाशी जुळून त्यांचे एक झाले होते. अशी जोडणी रॉबर्टसन यांनी १९१६ साली नाकतोड्यांत दाखवली होती. योशिदांच्या मते ३८वाला उंदीर दक्षिण भारतात घडला आणि पुढे युरोपापर्यंत पोचला.

४२ आणि ३८ यांच्या संकरातून पिल्ले होतात, पण त्या पिल्लांना पुढे पिल्ले फारशी होत नाहीत. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांची वाटणी चुकते. आपले जंक्शन आठवा. सोलापूरची ब्रॉड गेज, विजापूरची मीटर गेज. दोन्ही गाड्या धडधाकट, पण हिचा डबा तिच्या रुळांवर चालत नसे.

हे सगळे मी हौसेने वाचले नाही. लग्नानंतर माझे तीन गर्भ राहिले नाहीत. उपास झाले, अंगारे झाले. "हिलाच टिकत नाही" हेही ऐकले. शेवटी आम्हा दोघांच्या रक्ताची गुणसूत्र तपासणी झाली. नवऱ्याची ४६, माझी ४५. तेरावे आणि चौदावे जोडलेले. साधारण हजारात एका माणसात अशी जोडणी असते, पुरुषांतही. माणूस ठणठणीत असतो. अडचण येते ती वाटणीत. रिपोर्ट हातात घेऊन मी खूप रडले. कोणाचा दोष नव्हता, हे पहिल्यांदा कागदावर लिहिलेले दिसले. दर वेळी वाटणी चुकतेच असे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले, आणि चौथ्या वेळी मुलगी झाली.

एवढेच मागते. तुमच्या घरात कोणाचा गर्भ पुन्हा पुन्हा पडत असेल, तर सुनेला बोल लावू नका. दोघांचीही तपासणी करा.

माझी लेक आता अठरा वर्षांची आहे, मागच्या रांगेत बसली आहे. गेल्या महिन्यात तिने स्वतःहून तपासणी करून घेतली. तिचीही ४५ निघाली. तुम्हाला हे सांगायची परवानगी तिनेच दिली.